सडकेची वाडी आणि हॅनाचा दगड

शाळेच्या स्मरणिकेसाठी अमेरिकेच्या प्रवासावर चार पानं लिहून द्या, असं संपादक मंडळाने मला निघण्यापूर्वीच सांगून ठेवलं होतं. "सर, तुमची ती पाद्रीची गोष्ट त्यात आली पाहिजे हं," असंही बजावलं होतं. दुसरं काम शाळेच्या समितीचं. दारातला संगमरवरी दगड पिवळा पडला आहे, अक्षरांत माती भरली आहे. समारंभाला काळ्या ग्रॅनाइटचा नवा दगड बसवायचा आहे, तर त्यावरचा मजकूर मीच द्यावा. जुना मजकूर गावाला पाठ आहे: मी आपली वडिलोपार्जित जमीन शाळेला दान दिली. नव्या दगडावर 'त्याग' हा शब्द यावा, अशी समितीची इच्छा होती.

दोन्ही कामं एकाच लिखाणात उरकतो. ज्यांनी अमेरिका पाहिली नाही त्यांना थोडी दिसेल, आणि दगडावर काय असायला हवं तेही कळेल.

सुरुवातीलाच सांगतो, ती जमीन माझी नव्हती.

आमचं गाव भिवंडीजवळ, दापोड्याच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. वडिलांची भाताची खाचरं खाडीकडे, आणि सडकेला लागून उंचवट्यावर एक वाडी. त्या वाडीत आमचं खळं होतं. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा चार माणसांसमोर म्हणाले, "सडकेची वाडी चांगुणेची." चांगुणा माझी धाकटी बहीण, वज्रेश्वरीला दिलेली. नवऱ्याकडे जमिनीचा तुकडा नव्हता, दुसऱ्याच्या शेतात राबायचा. वडिलांच्या शब्दाला कागद नव्हता, पण सगळ्या गावाला तो शब्द ठाऊक होता.

वडील गेल्यावर शाळेचा विषय निघाला. जागा सडकेजवळ हवी, भरतीच्या पाण्याखाली न जाणारी. माझं एखादं खाचर भराव टाकून देता आलं असतं. पण खाचर पिकत होतं. मी वाडी दिली.

आमच्याकडे बहिणी हक्कसोड करतात. बाप गेला की बहिणींनी कचेरीत यायचं, वडिलांच्या जमिनीवरचा आपला हक्क भावासाठी सोडल्याची सही करायची. भावाने लुगडं घ्यायचं, घरी गोडधोड करायचं. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं. कायदा काहीही म्हणो, आमच्या पट्ट्यात आजही हेच चालतं. चांगुणा आली, पण कचेरीबाहेर चहाच्या टपरीपाशी थांबली.

"दादा, बाबा बोललं व्हतं ना, वाडी माजी म्हून?"

तेव्हा मी तिला ती गोष्ट सांगितली. अमेरिका देश उभा करणाऱ्या पिढीची. राजाविरुद्ध स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणं म्हणजे फासाला मान देणं, हे ठाऊक असून देवावर भरवसा ठेवून सह्या करणाऱ्यांची. आणि त्यातल्याच न्यू जर्सीच्या एका पाद्रीची, जी मी एका जुन्या इंग्रजी क्रमिक पुस्तकात वाचली होती आणि दरवर्षी वर्गात सांगायचो. त्याने चर्चची घंटा तोफेसाठी दिली, घोडे दिले, घरातली भांडी दिली, चर्चमध्ये तापाने फणफणलेले शिपाई आणून ठेवले आणि त्यांची सेवा करता करता स्वतः त्याच तापाने गेला. जे जे त्याचं होतं ते सगळं त्याने दिलं, असं त्याच्या थडग्यावर लिहिलं आहे. "आणि तुला तर चांगू, नुसती एक सही करायची आहे. गावची पोरं शिकतील."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांच्या बायकांनी पन सह्या केल्या का र दादा?"

मी हसलो. टपरीवाला पण हसला. तिने सही केली. मी हिरवं लुगडं घेतलं.

काही वर्षांनी तिचा नवरा गेला. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, वाडीच्या कोपऱ्याला एक खोली बांधून राहू का? मी म्हणालो, "ती जागा आता शाळेची आहे चांगू. तुझी नाही, माझी नाही." त्यानंतर ती माहेरी आली नाही. माझ्या खाचरांवर पुढे गोदामं उभी राहिली. भाडं कसं येतं ते गावाला सांगायला नको.

म्हणजे शाळेला जमीन देऊन माझं तसूभरही कमी झालं नाही. आणि हे मला आज कळलं असंही नाही. इतकी वर्षं कळतच होतं. अमेरिकेला निघालो ते मुलीकडे राहायला, पण मनात एक लबाडी होती. ते थडगं पाहायचं, त्यावरचा मजकूर नीट वाचायचा, आणि त्यातून असं एखादं वाक्य उचलायचं की जे खोटं पडणार नाही आणि मला मोठंही ठेवील.

विमानतळावर

माझी मुलगी सुजाता न्यू जर्सीत राहते. तिच्यासाठी मी सोडे नेले होते आणि ओल्या कपड्यात गुंडाळलेला कढीपत्ता. उतरल्यावर एक छोटा कुत्रा माझ्या बॅगेपाशी येऊन शिस्तीत बसला. आमच्या बाजारातले कुत्रे सोड्यांपाशी असे बसत नाहीत. हातमोजे घातलेल्या अधिकाऱ्याने पुरचुंडी दोन बोटांत धरून विचारलं, हे काय? मी म्हणालो, वाळवलेली कोळंबी, आमच्या खाडीतली.

हेही खोटंच. आमच्या खाडीत आता कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं रंगीत पाणी येतं, कोळंबी कसली. सोडे भिवंडीच्या बाजारातले होते. पण माणूस देशाबाहेर पडला की त्याची खाडीही स्वच्छ होते. त्याने सोडे परत दिले आणि कढीपत्ता टाकून दिला. सुजाता हे ऐकून म्हणाली, "बाबा, उलटं झालं असतं तर बरं झालं असतं. सोडे इथे बांगलादेशी दुकानात मिळतात."

ऑक्टोबर महिना होता. तिच्या घरासमोरची झाडं हळदकुंकवासारखी लाल-पिवळी झाली होती. रस्त्यावर माणूस नाही. माझ्यासारख्या, आयुष्यभर यंत्रमागांची खडखड ऐकलेल्या माणसाला तिथे पहिले काही दिवस कान दुखल्यासारखे वाटले.

फिलाडेल्फिया

जिथे त्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या ती इमारत विटांची आहे, आपल्या जुन्या कचेरीएवढीच. आतल्या दालनात हिरव्या कापडाची टेबलं, पिसांच्या लेखण्या, मेणबत्त्या, लाकडी खुर्च्या. या दालनावर मी चाळीस वर्षं बोललो होतो. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं. पाय दुखत होते एवढंच जाणवलं.

रुंद काठाची टोपी घातलेला एक तरुण माहिती देत होता. मी वर्गात पुढे बसणाऱ्या मुलासारखा हात वर केला आणि म्हणालो, यांनी सह्या केल्या आणि या सगळ्यांचं सर्वस्व गेलं, होय ना?

तो अदबीने म्हणाला, "जीव धोक्यात घातला हे खरं, सर. काहींची घरं लुटली गेली, काही पकडले गेले. पण त्या युद्धात ज्यांनी कशावरच सही केली नव्हती अशा पुष्कळांचीही घरं जळाली, आणि त्यांची नावं इथे नाहीत. सह्या करणाऱ्यांतले बरेच जण शेवटपर्यंत जमीनजुमल्याचे मालक राहिले. त्यातल्या पुष्कळांकडे गुलाम होते."

"पण त्यांची देवावर श्रद्धा होती," मी म्हणालो.

"बहुतेकांची होती. प्रत्येकाची आपल्या परीने."

सुजाताने माझा कोपर दाबला. बाहेर बाकावर बसून आम्ही घरून आणलेल्या पोळ्या खाल्ल्या. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या पोराशी भांडायला निघाला होतात."

"आजकालच्या पोरांना मोठ्या माणसांना लहान करायला आवडतं," मी म्हणालो. पण शेवटपर्यंत जमीनजुमल्याचे मालक राहिले, हे शब्द त्याने माझ्याकडे बघून म्हटले होते असं मला वाटत राहिलं. त्या बिचाऱ्याला माझी गोदामं कुठे ठाऊक होती.

चर्चमध्ये

पाद्रीचं गाव सुजाताच्या घरापासून तासाभरावर निघालं. तिने रविवारी नेलं. पांढरं लाकडी चर्च, निमुळता मनोरा, आणि भोवती थडगी. आपल्याकडे मसणवटा गावाबाहेर, संध्याकाळनंतर तिकडे कोणी फिरकत नाही. इथे थडग्यांमधून वाट काढतच प्रार्थनेला जातात, पोरं थडग्यांच्या आडून लपंडाव खेळतात. आपण माणूस जाळतो आणि त्याचा फोटो भिंतीला लावतो. ते माणूस दाराशी ठेवतात. मेलेल्यांना तिथून पळता येत नाही.

दाराशी मी सवयीने बूट काढले. आत गालिचा होता म्हणून लक्षातही आलं नाही. सुजाता गाडी लावून आली आणि माझे मोजे बघून कपाळाला हात लावला. आम्ही बूट घ्यायला परत गेलो तर ते जागेवर नव्हते. देवळातून चपला जाणं आपल्याला नवं नाही, मी मनातल्या मनात त्या देशाला आपल्या रांगेत बसवून मोकळा झालो. तेवढ्यात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई माझे बूट दोन्ही हातांत धरून आली. बाहेर दवाने भिजतील म्हणून तिने ते हीटरपाशी ठेवले होते. "कोणीतरी देवाला भेटायला अनवाणी आलंय असं वाटलं," ती म्हणाली. "आमच्यात तेवढी रीत राहिलेली नाही." ही मार्गारेटबाई. पूर्वी नर्स होती. आता चर्चच्या वास्तूची देखरेख करते.

प्रार्थना शांत. लाउडस्पीकर नाही, धूप नाही, गर्दीत कोणी कोणाला ढकलत नाही. प्रवचन करणारी पाद्री एक तरुण बाई होती. तिने त्यांच्या धर्मग्रंथातली एका राजाची गोष्ट सांगितली. राजाला देवासाठी वेदी बांधायची असते, त्यासाठी एका शेतकऱ्याचं खळं त्याच्या मनात भरतं. शेतकरी म्हणतो, महाराज, फुकट घ्या, बैल घ्या, लाकडं घ्या. राजा म्हणतो, नाही, ज्याची तोशीस मला लागली नाही ते मी माझ्या देवाला वाहणार नाही.

खळं या शब्दाला मी दचकलो. मला वाटलं होतं, खळं फक्त आमच्याकडे असतं.

प्रवचनानंतर तळघरात सगळे जेवायला जमले. प्रत्येकाने घरून काहीतरी आणलेलं: चीज घातलेली मॅकरोनी, भोपळ्याचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ, आणि हिरव्या जेलीत किसलेलं गाजर, ते कशासाठी असतं ते मला अजून कळलेलं नाही. आपल्याकडच्या भंडाऱ्यात पंगत बसते आणि वाढणारा आग्रह करतो. इथे ज्याने त्याने आपलं ताट घ्यायचं, आग्रह नाही. मी उपाशीच राहिलो असतो, पण मार्गारेटबाईने ताट भरून आणलं.

मी तिला सांगितलं, मी मास्तर होतो, आणि तुमच्या पाद्रीची गोष्ट हजारो मैलांवर मी मुलांना शिकवली. तिने काटा खाली ठेवला.

"काय शिकवलंत?"

मी सांगितलं. घंटा, घोडे, भांडी, आजारी शिपाई, ताप.

"सगळं खरं आहे," ती म्हणाली. "आणि हॅना?"

"कोण हॅना?"

"चला, दाखवते."

दोन दगड

पाद्रीचा दगड काळसर पाटीचा, उंच, वर पंख असलेला चेहरा कोरलेला. अक्षरं झिजली आहेत, पण मी वाचलं. जे त्याचं होतं ते सगळं त्याने दिलं, अशाच अर्थाचं लिहिलं आहे. मी इतकी वर्षं खरं सांगत होतो. क्षणभर फार बरं वाटलं.

"हा दुसरा," मार्गारेटबाई म्हणाली. कुंपणाच्या भिंतीपाशी, गवताच्या पातळीला, एक लहान नवा दगड होता. त्यावर एवढंच: हॅना पाद्रीच्या घरात गुलाम म्हणून राबली. पाद्रीच्या दानासाठी तिला विकलं. तिला कुठे पुरलं ते आम्हाला ठाऊक नाही.

शिपायांना हिवाळ्यात पांघरुणं नव्हती. पाद्रीकडे पैसे उरले नव्हते. त्याने हॅनाला विकलं आणि पांघरुणं घेतली.

"तुम्हाला हे कसं कळलं?" मी विचारलं.

"कळायचं काय त्यात? तो लपवत नव्हता. भर प्रवचनात त्याने सांगितलं होतं, घंटा दिली, घोडे दिले, घरातली बाई दिली. त्याच्या लेखी तोही त्यागच होता. पुढे गोष्ट सांगणारे एकेक करून ते वाक्य वगळत गेले. माझ्या आजीने मला वगळून सांगितली."

मला तेव्हा माझं क्रमिक पुस्तक आठवलं. त्यातही घोड्यांच्या आणि भांड्यांच्या ओळीत एक दासी होती. पाद्रीने दासीही दिली, असं काहीसं. मोलकरीण देणं म्हणजे काय ते मुलांना कसं समजावणार, म्हणून मी ते तीन-चार शब्द सोडून पुढे जायचो. चाळीस वर्षं मी त्या बाईवरून उडी मारून जात होतो.

"म्हणजे तो ढोंगी होता," मी म्हणालो.

"ते म्हणायला सोपं आहे," मार्गारेटबाई म्हणाली. "मी नर्स आहे. त्या तापात आई पोराजवळ जात नसे, तिथे हा माणूस रात्रंदिवस बसला. मरेल हे त्याला माहीत होतं. त्याची श्रद्धा खोटी नव्हती. रोज सकाळी तो देवाला विचारायचा, आज काय देऊ? हॅनाला त्याने विचारलं नाही, एवढंच."

"दगड इतका लहान का?"

"मोठा लावायचा होता. लोक म्हणाले, ज्याने देश उभा करायला जीव दिला त्याच्या अंगणात चिखल उडवता. काही कुटुंबं हे चर्च सोडून गेली. शेवटी एवढ्या आकारावर सगळ्यांचं जमलं. माझा भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही."

"तुमचा भाऊ?"

"नाताळला कार्ड पाठवतो. छापील."

मी दरवर्षी भाऊबीजेला चांगुणेला साडी पाठवतो. ड्रायव्हरबरोबर.

परतीच्या वाटेवर सुजाताला सगळं सांगितलं. वाडीचं, चहाच्या टपरीचं, शाळेची जागा तुझी नाही माझी नाही म्हटल्याचं. ती गाडी चालवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, सही मी पण केलीय. राजूदादासाठी. तुम्ही असतानाच, इथे यायच्या आधी, घाईघाईत. तुम्ही पैठणी घेतली होती."

"तुला राग आला होता?"

"राग कशाचा? मला वाटलं, असंच असतं." जरा वेळाने म्हणाली, "पैठणी एकदाच नेसले. इथे कुठे नेसायची."

गाडीतल्या यंत्रातली बाई डावीकडे वळा, उजवीकडे वळा, सांगत राहिली. आमच्यात तीच तेवढी बोलत होती.

वज्रेश्वरी

दिवाळीच्या तोंडावर परत आलो. भाऊबीजेला माझा मुलगा राजेश, सुजाताचा राजूदादा, गाडी काढत होता, मी म्हणालो नको. भिवंडीहून एसटी पकडली. नदी नाका, शेलार, मग ट्रक आणि खड्डे, आणि ट्रक. ज्या देशात तासभर गाडीत बसून पोटातलं पाणी हललं नव्हतं तो देश पाहून आल्यावर हा रस्ता अंगावर येतो. पण बायका भरल्या पिशव्या घेऊन भावांच्या नाहीतर बहिणींच्या गावी निघाल्या होत्या आणि मोठमोठ्याने एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढत होत्या. त्या शांत चर्चपेक्षा मला ते बरं वाटलं.

देवळाच्या पायऱ्यांच्या तोंडाशी चांगुणेचं दुकान. चार बांबू आणि वर निळी ताडपत्री. ओटीचं सामान: नारळ, खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, दोरीवर साड्या. ती माझ्यापेक्षा लहान, पण आता माझी मोठी बहीण दिसते.

तिने डोळ्यांवर हात धरून बघितलं. "कोन? दादा? डायवर न्हाय आला?"

"यंदा मी आलो."

"पाय बरं हायत ना तुजं? बस तितं, त्या गोणीवं. साडी आनलीस?"

मी पिशवी दिली. तिने साडी काढली, पदर चिमटीत धरून बघितला आणि सरळ दोरीवर टांगली.

"अगं, तुला आणलीय."

"मंग? आज गर्दी हाय, खपंल. दरसालची खपती. तुज्या साड्या देवीच्या अंगावं गेल्यात दादा. कापड चांगलं पाठवतंस, खोटं कशाला बोलू."

एक बाई आली. "मौसी, हरी चूड़ी है क्या? बच्ची के लिए."

"है ना, हाथ दिखा बेटा," चांगुणा म्हणाली आणि त्या मुलीच्या मनगटात बांगड्या चढवत बसली. ओवाळणीचं ताट कुठे दिसेना. तिच्या लक्षात आलं. "ताट न्हाय मांडलं मी. येशील असं वाटलं न्हाय."

गिऱ्हाईक गेल्यावर मी तिला अमेरिकेचं सांगितलं. तिला ती पाद्रीची गोष्ट शब्दन् शब्द आठवत होती. घंटा, घोडे, ताप. मी म्हणालो, त्यात एक राहिलं होतं, आणि हॅनाचं सांगितलं.

"तिला इचारलं व्हतं का, इकू का म्हून?"

"नाही."

"मंग मी बरी," चांगुणा म्हणाली. "माजी सही तरी घेतलीस."

ती खणांची चवड नीट लावत होती. मी म्हणालो, "चांगू, शाळेला नवा दगड बसतोय. त्यावर तुझं नाव घालतो. वाडी चांगुणेने दिली, असं लिहितो."

"मी कवा दिली?" तिने मान वर केली. "मी दिली न्हाय दादा, तू घेतलीस. मी दिली असं लिवलंस तर ते पन खोटं व्हईल. मना नको तुज्या खोट्यात."

"मग खाडीकडची थोडी जमीन तुझ्या नावावर करतो."

"आता? आता मी काय लावू त्यात, गोदाम?" ती हसली, पण हसू तोंडावर राहिलं नाही. "बाबांनी वाडी दिली व्हती. वाडी देतंस? न्हाय ना देत. देऊ पन नको, पोरं शिकत्यात तितं. मंग ऱ्हाऊ दे."

"मग दगडावर काय लिहू?"

"तू मास्तर हायस, मना काय इचारतंस? तवा इचारायचं व्हतं." मग म्हणाली, "तुजं नाव काड. बास."

निघताना मी एक नारळ उचलला, देवीला वाहतो म्हणून. वाटलं, एवढा तरी ती तसाच देईल.

"पैसं ठेव तितं डब्यात," ती म्हणाली. "देवाला फुकटचं न्हेऊ नये."

राजाची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती.

शाळेत

समितीचा अध्यक्ष प्रदीप माझाच विद्यार्थी, दुसऱ्या बाकावर बसायचा. मी त्याला म्हणालो, नव्या दगडावर माझं नाव नको. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"सर, असं कसं? नाव काढलं तर लोक विचारतील."

"विचारू देत. मी सांगतो."

"तुमच्या विनयाला नमस्कार आहे," तो म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं, वाडीचं, हक्कसोडीचं. त्याने मान खाली घालून ऐकलं. "सर, आमच्या पण आत्यांनी केलीय. सगळ्यांच्याच आत्यांनी केलीय. म्हणून काय शाळा वाईट झाली का?"

"शाळा नाही वाईट. दगड खोटा आहे."

"ग्रॅनाइट कोरायला गेला, सर. तुमचा मजकूर यायला उशीर झाला, म्हणून 'त्याग' शब्द मीच घातला."

"नाव माझं आहे प्रदीप. ते काढायचा हक्क मला आहे."

तेव्हा तो हात जोडून, अगदी नम्रपणे म्हणाला, "दगड आता शाळेचा आहे सर. तुमचा नाही, माझा नाही."

हे वाक्य पहिल्यांदा कोणी कोणाला म्हटलं होतं हे मी त्याला नुकतंच सांगितलं होतं. त्याच्या लक्षात आलं नाही. तो मनापासून बोलत होता. मीही तेव्हा मनापासूनच बोललो होतो.

म्हणून हे इथे लिहिलं. संपादकांना विनंती, छापायचं तर सगळं छापा. मधले तीन-चार शब्द वगळू नका. ते वगळण्यात मी वाकबगार आहे, ते किती सोपं असतं मला ठाऊक आहे.

समारंभाला मी येणार नाही. तुम्ही याल तेव्हा दारातला काळा दगड वाचा आणि मग आत या. मुलं सकाळी प्रार्थनेला जिथे रांगा करतात तिथे आमचं खळं होतं. ती वाडी चांगुणेची होती. तिने ती दिली नाही आणि मीही दिली नाही. त्या पाद्रीने चुकीचं दिलं, पण स्वतःचं म्हणून जे होतं तेही सगळं दिलं, शेवटी जीवसुद्धा. माझं जे होतं ते सगळं अजून माझ्याकडेच आहे.